‘नमदे’ म्हणजे नेमकं कोणाचं?

मार्च-एप्रिल आला की सीमाभागात एक प्रश्न हमखास विचारला जातो. “मुंबई का आरसीबी?” चहाच्या टपरीवर विचारतात, एसटीत विचारतात, लग्नाच्या पंगतीतही विचारतात. ऐकायला तो क्रिकेटचा प्रश्न वाटतो. पण मिरज-कोल्हापूरपासून निपाणी-बेळगावपर्यंतच्या पट्ट्यात तो क्रिकेटचा राहत नाही. मुंबई म्हणालात तर तुम्ही मराठी, आरसीबी म्हणालात तर कन्नड. आणि मराठी घरातला पोरगा विराट कोहलीसाठी आरसीबी म्हणाला, तर तो ‘फितूर’.

आरसीबीची घोषणा सगळ्यांना पाठ आहे : ‘ई साला कप नमदे’. या वर्षी कप आपलाच. ‘नमदे’ म्हणजे आपला. इकडे मुंबईवालेही ‘आपली टीम’ म्हणतात. दोन्ही भाषांतला हा ‘आपला’ शब्द आम्हाला तपासून घ्यायचा आहे. कारण आपल्या वस्तीतली पोरं या एका शब्दासाठी एकमेकांना शिव्या देत आहेत, आणि हा शब्द ज्यांच्या मालकीचा आहे ते लोक आपल्या पोरांना ‘आपलं’ मानतात का, हे कोणी विचारत नाही.

आधी या टीम कोणाच्या आहेत ते पाहू. २००८ साली आयपीएलच्या टीम लिलावात विकल्या गेल्या. मुंबईची टीम रिलायन्सने ११ कोटी १९ लाख डॉलरला घेतली. बंगळूरची टीम विजय मल्ल्याच्या दारू कंपनीने ११ कोटी १६ लाख डॉलरला घेतली आणि तिचं नाव व्हिस्कीच्या एका ब्रँडवरून ठेवलं. कन्नड अस्मिता म्हणून जे नाव छातीवर मिरवलं जातं ते बाटलीवरच्या लेबलातून आलेलं आहे. खेळाडूंचाही लिलावच होतो. जो जास्त पैसे देईल त्याच्याकडून खेळायचं. यात खेळाडूंचा दोष नाही, ते त्यांचं पोट आहे. पण यात राज्याची अस्मिता कुठून आली?

३ जून २०२५ रोजी अहमदाबादला आरसीबीने अठरा वर्षांनी पहिला कप जिंकला. त्या फायनलला उतरलेल्या टीममध्ये कर्नाटककडून खेळणारा मोजून एक होता, मयंक अगरवाल. कर्णधार रजत पाटीदार इंदूरचा, कोहली दिल्लीचा, सामनावीर कृणाल पंड्या बडोद्याचा, आणि विकेटकीपर जितेश शर्मा आपल्या अमरावतीचा. त्याच वर्षी १० एप्रिलला बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर आरसीबीला कोणी हरवलं? कर्नाटकच्या के. एल. राहुलने. दिल्लीकडून खेळत त्याने नाबाद ९३ धावा केल्या आणि बॅटने जमिनीवर गोल काढून हे मैदान माझं आहे असं दाखवलं. आता सांगा, त्या दिवशी खऱ्या कन्नडिगाने कोणाच्या बाजूने ओरडायचं होतं? मुंबईचंही तेच. नागपुरात जन्मलेला रोहित शर्मा मुंबईचा झाला आणि त्याच्या जागी कर्णधार आला तो बडोद्याचा हार्दिक पंड्या. मराठी-कन्नड भांडण यात कुठे बसतं ते कोणी आम्हाला समजावून सांगावं.

म्हणून काय पोरांनी मॅच बघू नये? आमचं असं म्हणणं अजिबात नाही. चळवळीतले काही ज्येष्ठ म्हणतात की क्रिकेट हा भांडवलदारांचा आणि ब्राह्मणांचा खेळ आहे, आपल्या पोरांनी त्याच्या नादी लागू नये. आम्हाला हे पटत नाही. वस्तीतलं पोरगं दिवसभर गवंड्याच्या हाताखाली राबून किंवा कॉलेजच्या स्कॉलरशिपसाठी खिडकीवर रांग लावून येतं, आणि संध्याकाळी तीन तास त्याला कुठल्या तरी मोठ्या ‘आपण’मध्ये सामील व्हायला मिळतं. अंगात दीडशे रुपयांची नकली जर्सी असते. तिच्यावर आडनाव असलंच तर रोहित शर्माचं असतं, त्याचं स्वतःचं नसतं. जिथे आडनाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, तिथे दुसऱ्याचं आडनाव पाठीवर घालून गर्दीत मिसळण्याचं सुख काय असतं, हे ज्याला आडनाव लपवावं लागलं नाही त्याला कळणार नाही. ही भूक आम्हाला कळते. तिची टिंगल करणार नाही. पण या भुकेवर कोण जेवतं, ते बघायला पाहिजे.

सीमेच्या दोन्ही बाजूंच्या वस्त्यांत आम्ही अभ्यासवर्ग घेतो. मराठी आणि कन्नड पोरं एकत्र बसतात, अर्धं हिंदीत, अर्धं हातवारे करून चालतं. तिकडची पोरं आम्हाला ‘अण्णा’ म्हणतात, इकडची ‘दादा’. दरवर्षी जयंतीच्या आठवड्यात टेनिस बॉलची स्पर्धा होते, पाच-सहा वस्त्यांच्या टीम येतात. २०२५ चं वर्ष अवघड होतं. फेब्रुवारीत बेळगावजवळ मराठीत बोलला नाही म्हणून एका बस कंडक्टरला मारहाण झाल्याचं प्रकरण पेटलं, दोन्ही राज्यांच्या बसना आणि चालकांना काळं फासलं गेलं, बससेवा बंद झाली. वातावरण तापलेलं असतानाच आयपीएल सुरू झाली. ७ एप्रिलला वानखेडेवर आरसीबीने मुंबईला १२ धावांनी हरवलं. त्या रात्री आमच्या वर्गातल्या एका हुशार पोराने व्हॉट्सअॅपवर कन्नड लोकांच्या आया-बहिणींवरून स्टेटस टाकलं. तिकडून उत्तर आलं, ते त्याहून घाण. दोन दिवसांत अभ्यासवर्गाचा ग्रुप फुटला. स्पर्धा रद्द झाली.

या पोराचा आणखी एक ग्रुप होता. गावातल्या मुंबई इंडियन्सवाल्या चाळीसेक पोरांचा. त्यात सगळ्या गल्ल्यांतली पोरं होती, पाटील-देशमुखांचीही होती. ‘मराठी म्हणून आपण एक’ असं तिथे रोज लिहिलं जायचं. त्या ग्रुपला दाखवण्यासाठीच त्याने ते स्टेटस टाकलं होतं. जयंती दोन-तीन दिवसांवर आली. या वर्षी मिरवणूक गावाच्या मुख्य रस्त्यावरून, वेशीपासून चावडीपर्यंत काढायची असं वस्तीने ठरवलं होतं, पोलिसांची रीतसर परवानगी घेतली होती. गावातून विरोध सुरू झाला. पोराने आपल्या त्या ग्रुपवर लिहिलं की तुम्ही पण या, आपण सगळे मिळून काढू. ज्या ग्रुपवर एका चौकारावर पन्नास मेसेज पडायचे तिथे दिवसभर कोणी काही लिहिलं नाही. संध्याकाळी एकाने लिहिलं, “मॅच वेगळी, हे वेगळं. दरवर्षीसारखं तुमच्या गल्लीत करा की.”

१४ एप्रिलला मिरवणूक निघाली, मुख्य रस्त्यावरूनच निघाली. सीमेपलीकडून एक टेम्पो भरून बावीस पोरं आली. हलगी घेऊन आली. त्यातल्या दोघा-तिघांच्या अंगात आरसीबीची जर्सी होती, वरून निळं उपरणं. घोषणा कन्नडमधल्या होत्या, पण ‘जय भीम’चं भाषांतर करायला लागत नाही. सगळं गोड झालं असं मात्र नाही. पलीकडच्या दोन वस्त्या त्या वर्षी आल्या नाहीत. ते स्टेटस त्यांच्या आयांनीही वाचलं होतं. तो दुरावा अजून पूर्ण मिटलेला नाही.

आता या घटनेला बाबासाहेबांचा प्रश्न लावून बघा. १९५५ साली भाषावार प्रांतरचनेवर लिहिताना बाबासाहेबांनी नकाशावरच्या रेषा मोजल्याच, पण त्या रेषेच्या आत कोणत्या जातीचं वर्चस्व असेल हेही विचारलं. एका भाषेच्या राज्यात एखादी मोठी जात गावोगाव पसरलेली असते आणि लहान जाती तिच्या मेहेरबानीवर जगतात. आंध्रात रेड्डी-कम्मा, महाराष्ट्रात मराठा, अशी नावं घेऊन त्यांनी हे मांडलं. म्हणून राज्यं लहान असावीत, महाराष्ट्राचे मुंबई, पश्चिम, मध्य आणि पूर्व असे चार भाग असावेत, असं त्यांचं मत होतं. भाषेवर प्रेम करू नका असं ते म्हणाले नाहीत. एक भाषा बोलणाऱ्यांच्या आत कोण कोणाच्या डोक्यावर बसलंय ते बघा, असं म्हणाले.

पुढे संयुक्त महाराष्ट्राची लढाई झाली. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन समितीत होतं. कर्मवीर दादासाहेब गायकवाड १९५७ साली लोकसभेत गेले. अण्णाभाऊंच्या शाहिरीने ही लढाई गावागावांत नेली. महाराष्ट्र झाला १ मे १९६० ला. आणि चारच वर्षांनी, १९६४ साली, त्याच दादासाहेबांना भूमिहीनांसाठी देशव्यापी सत्याग्रह उभारावा लागला. या महाराष्ट्रातली आपली हजारो माणसं तुरुंगात गेली. राज्य ‘आपलं’ झालं होतं, जमीन नाही. २००६ साली खैरलांजीत भोतमांगे कुटुंबावर ज्यांनी हल्ला केला ते मराठीच बोलत होते. २००० साली कर्नाटकात कंबालपल्लीत सात दलितांना घरात कोंडून जाळण्यात आलं, तेव्हा जाळणारे परराज्यातून आले नव्हते.

आता तिसऱ्या शेजाऱ्याकडे, गुजरातकडे बघा. २०२३ च्या मे महिन्याच्या शेवटी आयपीएलची फायनल अहमदाबादला झाली. गुजरात टायटन्स खेळत होती, घोषणा ‘आवा दे’ची होती, जणू सगळं गुजरात एक. त्यानंतर आठवड्याच्या आत, जूनच्या सुरुवातीला, पाटण जिल्ह्यातल्या काकोशी गावात शाळेच्या मैदानावर क्रिकेटची मॅच चालू होती. बॉल बाहेर आला आणि बघायला आलेल्या एका दलित मुलाने तो उचलला. तेवढ्यावरून जातीवाचक शिवीगाळ झाली, घरच्यांनी जाब विचारला, आणि संध्याकाळी त्या मुलाच्या नातेवाइकाचा अंगठा तोडण्यात आला. अंगठा. एकलव्य पुस्तकातला आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ही बातमी काढून वाचावी. गुजरातच्या टीमसाठी ओरडायला त्या मुलाला बंदी नव्हती. बॉलला हात लावायला होती.

कर्नाटकच्या दुसऱ्या सीमेवर हाच खेळ पाण्यावरून चालतो. २०१८ साली कावेरीच्या प्रश्नावर तामिळनाडूत आंदोलन पेटलं आणि चेन्नई सुपर किंग्जच्या १० एप्रिलच्या सामन्यात मैदानावर चपला-बूट फेकले गेले. उरलेले घरचे सामने पुण्याला हलवावे लागले. पाणी नसताना मॅच कसली, हा आंदोलकांचा सवाल रास्त होता. पण आम्हाला त्याच्या पुढचा सवाल विचारायचा आहे. कावेरीचं पाणी ज्याच्या शेतात जातं त्याचं भांडण आम्ही समजू शकतो. मंड्यात आणि तंजावरात जो दुसऱ्याच्या शेतात रोजंदारीवर जातो, ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याने शेजारच्या राज्यातल्या मजुराला शिव्या का द्यायच्या? १९९१ साली बंगळूरमध्ये कावेरीवरून दंगल झाली, तेव्हा सर्वांत जास्त मार खाल्ला तो गरीब तमिळ वस्त्यांनी. नदी कोणाची का असेना, मार ठरलेल्या घरांनाच बसतो.

काही मित्र म्हणतील, खेळात जात नसते, गुणवत्ता असते. त्यांनी पालवणकर बाळूंना आठवावं. चर्मकार समाजातले बाळू जन्मले १८७६ साली धारवाडला, जे आज कर्नाटकात आहे. नाव कोकणातल्या पालवणचं. पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची कामं केली, पुढे मुंबईत नाव कमावलं. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. हिंदूंच्या संघात ते जिंकायला हवे होते, पण पुण्यात त्यांना चहा बाहेर, मातीच्या भांड्यात मिळायचा. हिंदू संघाचे कर्णधार म्हणून त्यांची निवड कधीच झाली नाही. तो मान त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना १९२३ साली मिळाला, तोही मोठ्या वादानंतर. आता बाळू कोणाचे? कर्नाटकचे, कोकणचे, पुण्याचे का मुंबईचे? आज सगळे हक्क सांगतील. ते खेळत होते तेव्हा एकाही गावाने ताटात ताट घेतलं नाही. आणि हेही सांगायला हवं की १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. संघात घेतलेल्या माणसाचा संघाला असाही उपयोग करता येतो. आपण बाळूंच्या बोटांना सलाम करायचा आणि त्यांच्या त्या वाटेवरून मात्र जायचं नाही.

मग प्रादेशिक टीमवर प्रेम करणं सरसकट चूक का? नाही. विदर्भाचं उदाहरण घ्या. महाराष्ट्र राज्य एक, पण रणजीत टीम तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. बाबासाहेबांनी सांगितलेली वाटणी राजकारणात झाली नाही, क्रिकेटमध्ये थोडीफार आहे. खापरखेड्याचा उमेश यादव, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, विदर्भाकडून खेळून कसोटी संघात गेलेला पहिला खेळाडू झाला. नागपूरला स्वतःची टीम नसती तर मुंबईची निवड समिती खापरखेड्याला गेली असती का? पुढे विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीन वेळा रणजी जिंकली. २०२४ च्या मार्चमध्ये वानखेडेवर फायनलला मुंबईकडून हरले, पुढच्याच वर्षी सेमीफायनलला नागपुरात मुंबईलाच हरवलं. या प्रेमात आम्हाला एक मागणी दिसते : आमच्याकडे मैदान द्या, कोच द्या, संधी द्या. आणि या टीमने दार बंद केलं नाही. पहिल्या विजयाच्या वेळी कोच चंद्रकांत पंडित आणि फलंदाज वसीम जाफर हे दोघेही मुंबईचे होते. २०२५ च्या फायनलला केरळविरुद्ध ८६ आणि १३५ करणारा करुण नायर हा कर्नाटकच्या संघातून बाहेर पडावं लागलेला खेळाडू. नागपूरच्या प्रेक्षकांनी त्याला भाषा विचारली नाही.

म्हणून आमची कसोटी सोपी आहे. प्रदेशाचा अभिमान जर मागे राहिलेल्यांसाठी वाटा मागत असेल तर तो आपला. तो जर शेजारच्या राज्यातल्या आपल्यासारख्याच माणसाला शिवी द्यायला लावत असेल, तर तो कोणाचा तरी धंदा आहे. धंद्याची किंमतही आपणच भरतो. आरसीबी जिंकल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ जून २०२५ ला, चिन्नास्वामीबाहेर चेंगराचेंगरीत ११ जण मेले. शाळकरी वयाची मुलंही त्यात होती. गेटबाहेर पोरं तुडवली जात होती आणि आत सत्कार चालू होता. ‘नमदे’ म्हणत आलेल्यांना आत जागा नव्हती.

मित्रांनो, तुमची जर्सी काढून टाका असं आम्ही सांगणार नाही. चार गोष्टी मात्र करा. एक, मॅचवरून भाषेची, आया-बहिणींची शिवी स्टेटसवर टाकायची नाही, कोणी टाकली तर तिथेच थांबवायचं. दोन, तुमच्या ‘फॅन’ ग्रुपमधल्या किती जणांनी जयंतीला, स्मशानाच्या वाटेला, घरकुलाच्या रांगेत साथ दिली ते मोजा. मोजल्याशिवाय ‘आपण’ म्हणू नका. तीन, गावात सार्वजनिक मैदान आहे का, ते कोणाच्या ताब्यात आहे, तिथे वस्तीतल्या पोरांना आणि पोरींना खेळू देतात का, याचा ग्रामपंचायतीला लेखी अर्ज करून जाब विचारा. चार, जयंतीची स्पर्धा पुन्हा सुरू करायची, पण राज्यावरून टीम पाडायच्या नाहीत. चिठ्ठ्या टाकून टीम करायच्या, प्रत्येक टीममध्ये दोन्ही भाषांची पोरं. कॅच सोडल्यावर कन्नडमध्ये शिवी खायची आणि सिक्स मारल्यावर मराठीत शाबासकी घ्यायची.

१९२५ साली बाबासाहेब निपाणीला बहिष्कृतांच्या परिषदेसाठी आले, तेव्हा निपाणी महाराष्ट्रात का कर्नाटकात असा वाद नव्हता. समोर बसलेल्यांत मराठी बोलणारेही होते आणि कन्नड बोलणारेही. पाणवठा दोघांनाही बंद होता. पुढे नकाशे बदलले, बसच्या पाट्या बदलल्या, पण ती परिषद भरलेल्या लोकांची नातवंडं-पतवंडं आजही त्याच वस्त्यांत राहतात. ‘नमदे’ म्हणायचं असेल तर त्यांना म्हणा.

जय भीम!